मोजले काय, वाचले काय?

लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलीचे पुढे काय होते, या प्रश्नाला आपल्या समाजात दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांचे असते : ‘लहान आहे, तिला काय कळतंय? विसरून जाईल. तुम्ही मात्र चार लोकांत बोलू नका.’ दुसरे उत्तर चित्रपटांचे, कथाकादंबऱ्यांचे आणि अलीकडे काही प्रशिक्षण वर्गांचेही असते : ‘तिच्या आयुष्याची माती झाली.’ ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण त्यांत एक साम्य आहे. ती देणाऱ्यांनी त्या मुलीकडे ती मोठी झाल्यावर जाऊन चौकशी केलेली नसते.

संशोधकांनी ती चौकशी केली आहे. मात्र त्यांचे काम आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुधा एखाद्या तक्त्याच्या किंवा टक्केवारीच्या रूपात, आणि वाटेत त्याचा अर्थ बदलतो. म्हणून या विषयातील काही महत्त्वाचे अभ्यास घेऊन ते जरा कसोटीला लावून पाहू. त्यांनी नेमके काय मोजले? कसे मोजले? आणि त्यांतून आपण जे वाचतो ते त्यांत खरोखर आहे का? यांतील बरेचसे अभ्यास अमेरिकेतील आहेत. आपल्याकडील आकड्यांचा विचार शेवटी स्वतंत्रपणे करू.

विचारलेच नाही, तर सापडणार कसे?

२१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्नातील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत सिग्मंड फ्रॉइड यांनी एक निबंध वाचला. त्या काळी ‘हिस्टेरिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराच्या १८ रुग्णांचा आधार घेऊन त्यांनी म्हटले, की या विकाराचे मूळ बालपणीच्या लैंगिक अनुभवांत आहे. सभेत त्याचे थंडपणे स्वागत झाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, आपला या उपपत्तीवर विश्वास उरला नसल्याचे त्यांनी एका मित्राला पत्राने कळवले. यानंतर मनोविश्लेषणात जोर राहिला तो रुग्णाच्या कल्पनाविश्वावर. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीची चौकशी मागे पडली.

फ्रॉइड यांचे आधीचे म्हणणेही फार पक्के नव्हते. सगळ्या रुग्णांच्या विकाराला एकच कारण असते, असे १८ जणांवरून म्हणता येत नाही. शिवाय रुग्ण जे सांगत, त्यात त्यांच्या आग्रही प्रश्नांचा वाटा किती, हेही ठरवता येत नव्हते. पण त्यांनी मत बदलल्याचा परिणाम दूरवर गेला. १९७५ सालच्या एका मान्यवर अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कुटुंबातील लैंगिक अत्याचाराचे प्रमाण दहा लाखांत एक इतके अल्प दिले होते. डॉक्टर हेच वाचून शिकत होते. असे उदाहरण आपल्याला भेटणारच नाही, अशी खात्री असलेला डॉक्टर रुग्णाला त्याबद्दल विचारील कशाला?

१९७८ साली समाजशास्त्रज्ञ डायाना रसेल यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरात साधीच पण वेगळी गोष्ट केली. घरे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, त्यांनी ९३० प्रौढ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. मुलाखती घेणाऱ्या स्त्रियाच होत्या व त्यांना खास शिकवून तयार केले होते. वयाच्या अठरा वर्षांपूर्वी कुटुंबातील व्यक्तीकडून लैंगिक अत्याचार झाल्याचे १६ टक्के स्त्रियांनी सांगितले. दहा लाखांत एक कोठे आणि शंभरात सोळा कोठे! कुटुंबातील या घटनांपैकी पोलिसांपर्यंत गेलेल्या होत्या केवळ २ टक्के.

हा फरक अत्याचार अचानक वाढल्यामुळे पडलेला नाही. कोणाला विचारले, कोणी विचारले आणि कसे विचारले, यांमुळे तो पडला. पोलिसांच्या नोंदी मोजणारा आणि घरोघरी जाऊन विचारणारा, दोघेही ‘प्रमाण’ हाच शब्द वापरतात, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. या विषयावरील कोणताही आकडा समोर आला की प्रथम हे पाहावे.

गुणांची बेरीज

प्रशिक्षण वर्गांतील तक्त्यांत हल्ली सर्वाधिक दिसणारा अभ्यास म्हणजे व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा यांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला ‘बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा’ अभ्यास. त्याची सुरुवात एका कोड्यातून झाली. १९८५ च्या सुमारास फेलिटी सॅन दिएगो येथे लठ्ठपणावर उपचार करीत होते. वजन उत्तम रीतीने उतरत असलेले रुग्णच उपचार सोडून जात. त्यांच्याशी बोलल्यावर दिसले, की त्यांतील अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले होते. काहींच्या दृष्टीने वाढलेले वजन हे संकट नव्हतेच. लोकांची नजर आपल्याकडे वळू नये म्हणून ते उपयोगी पडत होते.

मग वैद्यकीय तपासणीस आलेल्या १३,४९४ प्रौढांना टपालाने प्रश्नावली पाठवण्यात आली. त्यांपैकी ९,५०८ जणांनी ती भरून पाठवली. शारीरिक, मानसिक व लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातील मानसिक आजार, घरातील कोणाला तरी झालेला कारावास अशा सात प्रकारांबद्दल तीत विचारले होते. प्रत्येक ‘होय’ला एक गुण. चार किंवा अधिक प्रकार अनुभवलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही प्रकार न अनुभवलेल्यांच्या तुलनेने ४ ते १२ पट आढळला. हा मागोवा पुढे १७,३३७ जणांपर्यंत वाढवला गेला. त्यांतील स्त्रियांपैकी जवळजवळ २५ टक्क्यांनी बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे नोंदवले.

या अभ्यासाचे मोठे श्रेय असे, की बालपणीच्या छळाचा संबंध त्याने केवळ मनाशी नव्हे, तर हृदयविकार, यकृताचे विकार, धूम्रपान अशा सर्वसाधारण डॉक्टरांच्या प्रांतातील गोष्टींशी दाखवला. हे मान्य करूनही त्याच्या तीन बाजू तपासल्या पाहिजेत.

पहिली बाजू गणिताची. ‘बारा पट’ हा आकडा ऐकताच छातीत धस्स होते. तो आकडा आत्महत्येच्या प्रयत्नाविषयीचा आहे. मूळ निबंधातील टक्केवारी पाहिली, तर एकही प्रतिकूल अनुभव नसलेल्यांपैकी १.२ टक्के लोकांनी आणि चार वा अधिक अनुभव असलेल्यांपैकी १८.३ टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी असा प्रयत्न केला होता. फरक भयंकर आहे, यात शंका नाही. पण हीच माहिती उलट बाजूने वाचा : सर्वाधिक धोक्याच्या गटातही शंभरातील एक्क्याऐंशीहून अधिक जणांनी असा प्रयत्न कधीही केलेला नव्हता. ‘बारा पट’ आणि ‘एक्क्याऐंशी जणांनी नाही’ ही दोन्ही विधाने खरी आहेत. तक्त्यावर मात्र पहिलेच येते.

दुसरी बाजू गुण देण्याच्या पद्धतीची. ही शिक्षकांना चटकन समजेल. समजा, एका प्रश्नपत्रिकेत निबंधाला एक गुण आणि रिकामी जागा भरण्यालाही एक गुण ठेवला. तिच्यातील एकूण गुणांवरून मुलाच्या भाषेविषयी काय कळेल? या मोजणीत एखाद्या परक्याने एकदा केलेला नको असलेला स्पर्श आणि घरातल्या माणसाने वर्षानुवर्षे केलेला बलात्कार या दोहोंना एकेकच गुण आहे. कोणी केले, किती काळ केले, तेव्हा मुलीचे वय काय होते, तिने सांगितल्यावर कोणी ऐकले का, यांतले काहीही त्या बेरजेत उतरत नाही. शिवाय लैंगिक अत्याचार हा सातांतील एक प्रकार म्हणून विरघळून जातो.

तिसरी बाजू वापराची. समूहासाठी बनवलेले हे माप पुढे एकेका व्यक्तीला लावले जाऊ लागले : तुझे गुण किती? अँडा यांनी स्वतः दोन सहकाऱ्यांसह २०२० साली एक निबंध लिहून याविरुद्ध इशारा दिला. या बेरजेवरून एका व्यक्तीचा धोका सांगता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. मापाचा कर्ताच असे सांगत असताना आपण ते माप एखाद्या मुलीला लावू नये, हे उघड आहे.

आठवणीवर किती विसंबावे?

वरील दोन्ही अभ्यास प्रौढांना मागे वळून पाहायला सांगणारे होते. येथे साहजिकच शंका येते : वीस-तीस वर्षांपूर्वीचे बरोबर आठवते का?

१९९० च्या दशकात अमेरिकेत यावरून मोठे रण माजले. १९९४ साली लिंडा विल्यम्स यांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. १९७३ ते १९७५ या काळात लैंगिक अत्याचारानंतर रुग्णालयात आणलेल्या मुलींची नोंद उपलब्ध होती. सुमारे १७ वर्षांनंतर त्यांतील १२९ जणींच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ३८ टक्के जणींनी ती नोंदलेली घटना सांगितली नाही. दुसऱ्या बाजूला एलिझाबेथ लॉफ्टस व जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ साली दाखवले, की लहानपणी दुकानांच्या संकुलात हरवल्याची खोटी गोष्ट घरच्यांच्या नावाने सांगितली, तर २४ पैकी सहा-सात जणांना ती काही प्रमाणात ‘आठवू’ लागते.

दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपापल्या सोयीचा अभ्यास उचलला. खरे पाहता या दोन अभ्यासांत भांडण नाहीच. घडलेले सांगितले न जाणे शक्य आहे आणि न घडलेले सुचवण्यामुळे आठवू लागणेही शक्य आहे. विल्यम्स यांच्या अभ्यासातील ३८ टक्के जणी विसरल्या होत्या, की त्यांना अनोळखी व्यक्तीला सांगायचे नव्हते, हे सर्वस्वी वेगळे काढणे कठीण आहे. आणि बाजारात हरवण्याची आठवण व अत्याचाराची आठवण या एकाच पारड्यात घालता येत नाहीत.

या प्रश्नाचा आवाका २०१९ साली जेसी बाल्डविन व सहकाऱ्यांनी मोजला. १६ अभ्यासांतील २५,४७१ व्यक्तींची माहिती त्यांनी एकत्र केली. यात लैंगिक अत्याचारासह बालपणीचा सर्व प्रकारचा छळ आणि आबाळ यांचा समावेश होता. बालपणीच नोंद झालेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी मोठेपणी ते सांगितले नाही. आणि मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांची बालपणी नोंद नव्हती. घाईने वाचणारा म्हणेल, ‘म्हणजे निम्म्याहून अधिक जण खोटे सांगतात.’ रसेल यांचा २ टक्क्यांचा आकडा आठवा. नोंद नसणे याचा अर्थ घटना नसणे असा होत नाही. बहुतेक घटनांची नोंद होतच नाही. मागे पाहणारा आणि पुढे पाहणारा असे दोन अभ्यास बऱ्याच अंशी वेगवेगळ्या माणसांना भेटतात, एवढेच यातून निघते.

म्हणूनच दोन्ही दिशांनी केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष जेथे जुळतात, तेथे आपला विश्वास अधिक असावा.

पुढे चालत गेलेला अभ्यास

१९८७ साली पेनेलोपी ट्रिकेट व फ्रँक पुटनम यांनी वॉशिंग्टन परिसरात सुरू केलेला आणि पुढे जेनी नोल यांच्यासह चालवलेला अभ्यास हा या विषयातील सर्वांत मोलाचा आहे, असे माझे मत आहे. बालसंरक्षण यंत्रणेकडे नोंद झालेल्या ६ ते १६ वयाच्या ८४ मुली त्यांनी घेतल्या. या मुलींवर कुटुंबातील व्यक्तीकडून लैंगिक अत्याचार झाला होता. त्यांच्या जोडीला तशाच वयाच्या, तशाच आर्थिक व सामाजिक परिस्थितीतल्या ८२ मुलींचा तुलना गट घेतला. मग या मुलींना दर काही वर्षांनी पुन्हा भेटत, त्या प्रौढ होऊन स्वतः आई होईपर्यंत त्यांची साथ केली. कोणालाही मागचे आठवायला सांगण्याची गरज नव्हती. जे होत होते ते होत असतानाच नोंदवले जात होते.

काय दिसले? अत्याचारग्रस्त मुलींमध्ये नैराश्य, झोपेच्या तक्रारी, स्वतःला इजा करून घेणे, शाळा अर्धवट सुटणे, पुन्हा लैंगिक हल्ल्याला बळी पडणे यांचे प्रमाण तुलना गटाहून अधिक होते. शरीरावरील परिणाम तर अनेकांना अनपेक्षित वाटले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा ८ ते १२ महिने आधी दिसल्या. लहानपणी दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता, पण २० ते २७ या वयात अत्याचारग्रस्त गटातील ४२ टक्के आणि तुलना गटातील २८ टक्के स्त्रिया लठ्ठ होत्या. फेलिटींच्या दवाखान्यातील कोडे येथे दुसऱ्या वाटेने पुन्हा भेटते.

कॉर्टिसॉल या संप्रेरकाविषयीचे निरीक्षण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. धोका दिसला की मेंदूकडून अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढते. त्यामुळे साखर उपलब्ध होते, शरीर झुंजायला किंवा पळायला सिद्ध होते. धोका टळला की कॉर्टिसॉलच मेंदूला ‘आता पुरे’ असे कळवते आणि पातळी खाली येते. धोका घरातच असेल आणि रोजचा असेल, तर ही यंत्रणा सारखी ताणलेली राहते. या अभ्यासात अत्याचारग्रस्त मुलींची कॉर्टिसॉलची पातळी लहानपणी तुलना गटाहून जास्त होती. वाढत्या वयात ती उतरत गेली आणि तरुणपणी तुलना गटाहूनही कमी झाली. एकाच वयात मोजणाऱ्या संशोधकांपैकी काहींना ती जास्त व काहींना कमी का सापडत होती, याचा यातून उलगडा होऊ शकतो. वर्षानुवर्षे पाहिल्याशिवाय हे दिसलेच नसते.

या अभ्यासालाही मर्यादा आहेत. ८४ ही संख्या लहान आहे. या साऱ्या मुली यंत्रणेपर्यंत पोहोचलेल्या होत्या आणि त्यांच्यावर अत्याचार करणारा घरातला होता. शेजाऱ्याने, शिकवणीच्या मास्तरांनी किंवा परक्याने अत्याचार केलेल्या आणि कोणालाच न कळलेल्या मुलीचे आयुष्य यांच्यासारखेच जाईल, असे यावरून म्हणता येत नाही. आणि ४२ टक्के लठ्ठ होत्या याचा अर्थ ५८ टक्के नव्हत्या, हे येथेही विसरू नये.

घराचा दोष की घटनेचा?

एक आक्षेप अजून उरतो. ज्या घरात मुलीवर अत्याचार होतो, त्या घरात बहुधा इतरही बरेच बिघडलेले असते : व्यसन, मारहाण, दुर्लक्ष. मग पुढचे नैराश्य त्या घरामुळे आले की त्या घटनेमुळे?

निसर्गाने यासाठी एक प्रयोग मांडून ठेवला आहे, तो म्हणजे जुळ्या बहिणी. केनेथ केंडलर व सहकाऱ्यांनी २००० साली व्हर्जिनियातील १,४११ जुळ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघींपैकी एकीवर अत्याचार झालेला आहे आणि दुसरीवर नाही, अशा जोड्या त्यांनी वेगळ्या पाहिल्या. घर एक, आईवडील तेच, आनुवंशिक वारसाही पूर्णतः किंवा बराचसा एक. तरी अत्याचार सोसलेल्या बहिणीत मनोविकारांचे व व्यसनांचे प्रमाण अधिक आढळले. आणि अत्याचार जितका गंभीर, तितका हा धोका अधिक. म्हणजे घराचा वाटा असतोच, पण सगळे बिल घराच्या नावावर टाकता येत नाही. ‘विसरून जाईल’ हे पहिले उत्तर येथे निकालात निघते.

जो निबंध संसदेत पोहोचला

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत गाजलेला निबंध पाहू. १९९८ साली ब्रूस रिंड व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील ५९ अभ्यास एकत्र करून असे मांडले, की बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचे सरासरी परिणाम समजले जातात तितके तीव्र नसतात. अमेरिकेत वादळ उठले. जुलै १९९९ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाने ३५५ विरुद्ध ० मतांनी या निबंधाचा निषेध केला.

निषेधाच्या ठरावाने संशोधन खोटे ठरत नाही. ते खोटे ठरवायचे तर त्याची पद्धत तपासावी लागते. आणि तपासली तर मोठे छिद्र दिसते. नमुना महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा होता. ट्रिकेट-पुटनम यांच्या अभ्यासात दिसले, की अत्याचारग्रस्त मुलींची शाळाच अधिक प्रमाणात सुटते. जी दहावीच्या आधीच गळाली, ती महाविद्यालयाच्या नमुन्यात येणार कशी? शर्यत पूर्ण करणाऱ्यांचेच पाय तपासून ‘वाटेत काटे फारसे नव्हते’ असे म्हणण्यासारखेच हे झाले. शिवाय तेथे असलेली मुले-मुली विशीच्या आतबाहेरची होती. बाळंतपण, संसार, चाळिशीतले आजार हे सारे पुढेच होते.

तथापि या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केली होती, ती मला अधिक घातक वाटते : अत्याचार वाईट का, तर त्याचे परिणाम वाईट होतात म्हणून. असे एकदा मानले की प्रत्येक स्त्रीला आपली जखम सिद्ध करून दाखवावी लागते. जी शिकली, नोकरीला लागली, हसतखेळत संसार करते आहे, तिला घरात आणि न्यायालयात विचारले जाते : ‘मग तुझे बिघडले काय?’ आणि जी खचली, तिच्या खचण्याचेच भांडवल होते. चोरी झालेला माणूस पुढे श्रीमंत झाला म्हणून चोरी माफ होत नाही. मुलाच्या शरीरावर अतिक्रमण करणे हा अपराध आहे, तो त्याच क्षणी पूर्ण होतो. पुढे काय परिणाम झाले हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधायचे ते मदत कोठे व कशी करावी हे कळण्यासाठी.

सगळ्यांचे सारखे होत नाही

हा प्रश्न वेगळा ठेवला की एक निरीक्षण न घाबरता सांगता येते. १९९३ साली कॅथलीन केंडल-टॅकेट व सहकाऱ्यांनी ४५ अभ्यासांचा आढावा घेतला. अत्याचारग्रस्त मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये मोजलेली कोणतीच लक्षणे नव्हती. अनेकांची लक्षणे वर्ष-दीड वर्षात कमी झाली. काहींची मात्र वाढली. सर्व अत्याचारग्रस्त मुलांत आढळेल असे एकही ठरावीक लक्षण त्यांना मिळाले नाही. ‘आयुष्याची माती झाली’ हे दुसरे उत्तर येथे निकालात निघते. त्याबरोबरच ‘अमुक खुणा दिसल्या की ओळखा’ अशा याद्यांचाही भरवसा कमी होतो.

असा फरक कशाने पडतो? अत्याचाराचे गांभीर्य, कालावधी, करणाऱ्याशी असलेले नाते यांचा वाटा आहेच. आंद्रिया डॅनीझ व कॅथी विडम यांच्या २०२० सालच्या अभ्यासाने आणखी एक धागा पुढे आणला. १,१९६ व्यक्तींच्या बालपणीच्या न्यायालयीन नोंदी आणि त्यांनी प्रौढपणी स्वतः सांगितलेली हकिगत यांची त्यांनी तुलना केली. मनोविकारांचा संबंध केवळ नोंदीशी फारसा दिसला नाही. तो स्वतःच्या हकिगतीशी अधिक ठळक दिसला. येथेही घाईचा अर्थ काढू नये. आजचे नैराश्य कालची आठवण गडद करत असेल, हीही शक्यता आहे. तरीही घडलेल्या गोष्टीचा अर्थ व्यक्ती स्वतःशी कसा लावते याला महत्त्व आहे, आणि तो अर्थ बदलता येतो, म्हणून उपचारांना वाव आहे. २००४ साली जुडिथ कोहेन व सहकाऱ्यांनी ८ ते १४ वयाच्या २२९ मुलांवर केलेल्या चाचणीत, मुलाला व पालकाला सोबत घेऊन त्या घटनेविषयी हळूहळू बोलायला आणि भीती हाताळायला शिकवणारी पद्धत ही केवळ धीर देणाऱ्या समुपदेशनापेक्षा अधिक गुणकारी ठरली.

आणखी एक बाब शिक्षकांशी थेट संबंधित आहे. अत्याचाराविषयी प्रथम सांगितल्यावर ऐकणाऱ्याने काय केले, यावर बरेच संशोधन झाले आहे. धीर देणाऱ्या प्रतिसादाचा फायदा सर्व अभ्यासांत सारखा दिसत नाही. दोष देणाऱ्या, अविश्वास दाखवणाऱ्या प्रतिसादाचा तोटा मात्र वारंवार दिसून आला आहे.

आपल्याकडील आकडे

२००७ साली भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. हा आकडा आज प्रत्येक भाषणात ऐकू येतो. त्याच अहवालातील गंभीर स्वरूपाच्या अत्याचारांचा २०.९० टक्के हा आकडा क्वचितच ऐकू येतो. शिवाय कुटुंबातील, शाळेतील, संस्थांतील, कामावर जाणारी आणि रस्त्यावरची अशा पाच गटांतून मुले निवडलेली होती. भारतातील सर्व मुलांची ही सरासरी नव्हे. एवढे सांगूनही एक गोष्ट अढळ राहते. अत्याचारग्रस्तांत मुलग्यांची संख्या मुलींच्या बरोबरीची होती. प्रौढ स्त्रियांविषयी जगात इतके काम झाले, याचा अर्थ मुलगे सुरक्षित आहेत असा मुळीच नाही.

२००१ साली विक्रम पटेल व ग्रेसी अँड्र्यू यांनी गोव्यातील अकरावीच्या ८११ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांनी मागील वर्षभरात काहीतरी लैंगिक त्रास सोसला होता. ६ टक्क्यांवर शरीरसंबंधाची बळजबरी झाली होती. बळजबरी सोसलेल्यांची अभ्यासातील प्रगती, मनःस्वास्थ्य व प्रकृती इतरांपेक्षा वाईट होती. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण कोणते व परिणाम कोणता हे सिद्ध होत नाही. परंतु वर पाहिलेल्या दीर्घ अभ्यासांशी या पाहणीची दिशा जुळते आणि ही मुले आपल्याच वर्गांत बसणारी आहेत.

शाळेत याचा अर्थ

मग शिक्षकाने काय करावे? प्रथम, ओळखण्याच्या याद्या घेऊन मुलींवर पाळत ठेवू नये आणि कोणाचे गुणही मोजू नयेत. मन न लागणे, वर्गात शून्यात पाहणे, अचानक घसरलेले गुण यांना अनेक कारणे असतात. त्यांची चौकशी आपुलकीने व्हावी, संशयाने नव्हे. विल्यम्स व लॉफ्टस यांच्या वादातून घ्यायचा धडा असा : मुलीला सांगू द्यावे, तिच्या तोंडी शब्द घालू नयेत आणि पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. तिने सांगितलेच, तर ‘सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढे म्हणावे. ‘तू तिथे गेलीच कशाला?’ हा प्रश्न गिळून टाकावा.

त्यानंतर गप्प राहण्याची मुभा कायद्याने ठेवलेली नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार, अठरा वर्षांखालील मुलाबाबत असा अपराध घडल्याचे ज्याला कळेल त्याने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा शिक्षेस पात्र अपराध आहे. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते. शाळेचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण मिटवणारे मुख्याध्यापक मुलीला दोष देणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसतात.

शेवटी, ज्यांच्याविषयी हे सारे संशोधन आहे त्या प्रौढ स्त्रिया दूर कोठे नाहीत. पालकसभेला येणाऱ्या मातांत त्या आहेत, शिक्षक-खोलीत आहेत आणि हा लेख वाचणाऱ्यांतही असतील. प्रशिक्षण वर्गात आपण तो तक्ता लावतो, तेव्हा त्याही तो पाहत असतात. ‘बारा पट’ हे वाचताना त्यांतील एखादी स्वतःच्या भविष्याचा निकाल वाचत असते, आणि तो निकाल त्या निबंधात लिहिलेलाच नसतो. तेव्हा पुढच्या वेळी तो तक्ता फळ्यावर लावाल, तर शेजारी दुसरा आकडाही लिहा : शंभरातील एक्क्याऐंशी.